पीडीएफवरच्या काळ्या पट्ट्या आणि त्यांखालून निघणारे आकडे

कृष्णाकाठ (सांगली)

जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाची पीडीएफ कालपासून व्हॉट्सॲपवर फिरते आहे. पानं ८४. त्यातली ६१ ते ८४ ही सभासद यादी: नाव, गाव, खाते क्रमांक, मोबाईल. शेवटच्या दोन रकान्यांवर काळ्या पट्ट्या आहेत, दिसायला अगदी झोकात. पण पट्टीवरून माऊस ओढून कॉपी केलं आणि नोटपॅडात पेस्ट केलं की सगळे आकडे जसेच्या तसे. संस्थेनं फाईल साइटवरून उतरवली. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असल्यामुळे नवी फाईल लगेच चढवायची आहे.

विचारायचं हे: पट्टी नेमकी कुठं फसते? आणि फुकट, ओपन सोर्स, इंटरनेटशिवाय चालणारं काय वापरावं? कार्यालयातला संगणक विंडोज १०, रॅम ४ जीबी. विकतचं सॉफ्टवेअर घ्यायचा ठराव मंडळात मंजूर होणार नाही, चहा-भडंगाचा होईल.

भडंगवाला (सांगली)

संचालकांच्या भत्त्याच्या पानावर पट्टी असेल तर ते पान आधी पेस्ट करा. बाकीचं नंतर बघू.

तंबोरा (मिरज)

पीडीएफ हे चित्र नव्हे, पान कसं काढायचं याच्या सूचनांची यादी आहे. "अमुक जागी अमुक फॉन्टमध्ये हे आकडे लिही" ही एक सूचना. "त्याच जागी काळा चौकोन काढ" ही तिच्यानंतरची दुसरी. दुसरी आली म्हणून पहिली पुसली जात नाही. पडद्यावर चौकोन वर दिसतो, फाईलमध्ये दोन्ही शेजारी शेजारी असतात. कॉपी करताना वाचक फक्त मजकुराच्या सूचना उचलतो, चौकोनाशी त्याला देणंघेणं नसतं.

दुसरी गोम म्हणजे पुष्कळ एडिटर सेव्ह करताना जुनी फाईल पुन्हा लिहीत नाहीत, बदल शेवटी चिकटवतात. म्हणजे खरोखर डिलीट केलेला मजकूरसुद्धा फाईलच्या आधीच्या भागात शिल्लक राहू शकतो. टेक्स्ट एडिटरमध्ये पीडीएफ उघडून फाईल-समाप्तीची खूण (%%EOF) किती वेळा येते ते मोजा. एकापेक्षा जास्त असतील तर आधीची आवृत्ती आत असण्याचा संशय घ्या. वेबसाठी लिनिअराइज केलेल्या (पहिलं पान लवकर दिसावं अशी मांडलेल्या) फाईलमध्ये मात्र दोन खुणा असतातच, तेवढं सोडून.

बेदाणा (तासगाव)

एवढं कशाला? प्रिंट दाबायचं, प्रिंटर म्हणून 'प्रिंट टू पीडीएफ' निवडायचं. सगळं सपाट होतं.

प्रीतिसंगम (कराड)

@बेदाणा, होत नाही. प्रिंट टू पीडीएफनं फॉर्मचे रकाने आणि शेऱ्यांच्या चिठ्ठ्या पानात विरघळतात हे खरं, पण मजकूर बहुतेक वेळा मजकूरच राहतो. चिकटवलेला जुना इतिहास जातो, पट्टीखालचे आकडे राहतात. करून बघा आणि नव्या फाईलमधून कॉपी करा. सपाट होतं ते पानाचं चित्र केल्यावर.

वाईकर (वाई)

पण छापखान्यातून येणाऱ्या मराठी पीडीएफ जुन्या फॉन्टमधल्या असतात. श्रीलिपीतला मजकूर कॉपी केला तर नुसती कचरापट्टी मिळते. म्हणजे तेवढं संरक्षण आपोआप आहे ना?

तंबोरा (मिरज)

उलट तिथंच लोक निर्धास्त होतात. ती कचरापट्टी म्हणजे ठरलेला नकाशा आहे, अमुक अक्षराच्या जागी अमुक चिन्ह. युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. आणि अशा पुष्कळ फॉन्टमध्ये आकडे आकड्यांच्याच जागी असतात. नाव वाचता येत नाही, खाते क्रमांक मात्र स्वच्छ. नेमकं जे झाकायचं तेच उघडं.

छापखाने आणखी एक करतात: कोरलड्रॉमध्ये मजकुराचे 'कर्व्ह' करून पीडीएफ काढतात. मग कॉपी काहीच होत नाही आणि सगळ्यांना वाटतं फाईल सुरक्षित. अक्षरं आता आकार झालेली असतात एवढंच. ती फाईल इंकस्केप या फुकट चित्र-साधनात उघडा, काळ्या चौकोनावर क्लिक करा, डिलीट. खाली आकडे छापल्यासारखे दिसतात.

कोयनेचा धक्का (पाटण)

पतसंस्थेला फार बोलू नका, सोबत मोठी मंडळी आहेत. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा खात्याची तपासणीची नियमावली इंटरनेटवर अशीच काळ्या चौकोनांसकट सापडली होती आणि चौकोनांखालचा मजकूर कॉपी होत होता. जानेवारी २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदपत्रात तेच. पत्रकारांनी कॉपी-पेस्ट केलं आणि संध्याकाळपर्यंत बातमी.

घाटमाथा (सातारा)

एक्सेलवाल्यांचं काय? ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकारातल्या एका साध्या अर्जाला स्प्रेडशीट जोडून उत्तर दिलं. अर्जात विचारलं होतं, कुठल्या हुद्द्यावर किती जण आहेत. फाईलमध्ये एक लपलेलं शीट राहिलं, त्यात साडेनऊ हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांचं आडनाव, आद्याक्षर, हुद्दा, नेमणुकीचं ठिकाण. तिथं पोलिसाचं नाव बाहेर पडणं म्हणजे जिवाशी गाठ. पुढं साडेसात लाख पौंडांचा दंड झाला.

आपल्याकडे सहकारी कार्यालयांत 'हाईड' केलेला रकाना ठेवून एक्सेल पाठवायची सवय सर्रास आहे. पिव्होट टेबल (मोठ्या यादीच्या गटवार बेरजा दाखवणारा तक्ता) पाठवत असाल तर आणखी जपा. मूळ शीट डिलीट केली तरी टेबलच्या पोटात कच्च्या माहितीची प्रत असते, बेरजेच्या आकड्यावर डबल क्लिक केलं की ती नव्या शीटमध्ये उलगडते. बाहेर द्यायच्या आकड्यांसाठी कोरी फाईल उघडा आणि 'पेस्ट स्पेशल'मधून फक्त मूल्यं चिकटवा.

बेदाणा (तासगाव)

बरं, प्रिंट टू पीडीएफ गेलं. मग नेटवर 'पीडीएफमधला मजकूर झाका' अशा फुकट साइटी आहेत. फाईल चढवा, झाकून मिळते.

प्रीतिसंगम (कराड)

ज्या यादीची गळती थांबवायची ती यादीच अनोळखी सर्व्हरवर चढवायची? फाईल तासाभरात पुसतो असं ते लिहितात, ते तपासायची सोय तुमच्याकडे नसते. मूळ प्रश्नात 'इंटरनेटशिवाय' लिहिलंय ते याचसाठी असणार.

आता कामाचं. दोन रस्ते आहेत.

पहिला आणि खरा रस्ता झाकण्याचा नाहीच. यादी कुठल्या तरी एक्सेलमधून किंवा संस्थेच्या सॉफ्टवेअरमधून आलेली असणार. तिथून खाते क्रमांक आणि मोबाईल हे रकाने न घेता यादी पुन्हा काढा आणि छापखान्याला तेवढी पानं बदलायला सांगा. जे फाईलमध्ये कधी गेलंच नाही ते बाहेर येत नाही. बाकीचा खटाटोप हे जमत नसेल तरच.

दुसरा रस्ता लिबरऑफिसचा, म्हणजे वर्ड-एक्सेलसारख्या फुकट ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा. आवृत्ती ६.३ पासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून, 'टूल्स' मेनूत 'रिडॅक्ट' आहे. तो दस्तऐवज लिबरऑफिसच्याच 'ड्रॉ' या चित्रांच्या साधनात उघडून देतो. चौकोनी पट्टीचं साधन घेऊन झाकायचा भाग आखा. काम चालू असताना पट्ट्या करड्या आणि अर्धपारदर्शक दिसतात, घाबरू नका. शेवटी टूलबारवरचा 'रिडॅक्टेड एक्सपोर्ट', काळा किंवा पांढरा, तोच दाबा. त्यातून निघणारी पीडीएफ चित्रांची असते, मजकूर उरत नाही. लोक चुकतात ते इथं: सवयीनं फाईल मेनूतून नेहमीचा पीडीएफ एक्सपोर्ट करतात किंवा 'प्रिव्ह्यू'चं बटण दाबतात. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हा रस्ता वर्डची किंवा लिबरऑफिसची मूळ फाईल हाती असेल तरच बरा. छापखान्याची पीडीएफ ड्रॉमध्ये उघडली आणि तो मराठी फॉन्ट तुमच्या संगणकावर नसला तर जोडाक्षरं फुटतात, रकाने सरकतात.

भडंगवाला (सांगली)

मोबाईलवर स्क्रीनशॉट घेऊन पेननं काळं केलं तर? आमच्या गल्लीत आधार कार्डं अशीच फिरतात.

अजिंक्य_सातारा (सातारा)

@भडंगवाला, पेन कुठला यावर आहे. फोनमधलं हायलायटर साधन काळ्या रंगातसुद्धा अर्धपारदर्शक असतं. तीन-चार वेळा फिरवलं की डोळ्याला ठार काळं दिसतं, पण फोटो एडिटरमध्ये एक्सपोजर आणि ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे उगवतात. मजकूर धूसर करणं किंवा चौकटी-चौकटी करणं हेही नको. ठरावीक फॉन्टमधला मजकूर चौकटींवरून परत ओळखणारं 'अनरिडॅक्टर' नावाचं साधन २०२२ पासून ओपन सोर्समध्ये आहे. आकडे तर दहाच, ओळखणं आणखी सोपं.

फोटोची कड कापली म्हणूनही निश्चिंत होऊ नका. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की गुगल पिक्सेल फोनच्या एडिटरमध्ये कापलेला स्क्रीनशॉट जुन्या फाईलवरच लिहिला जायचा, पण फाईलची लांबी कमी केली जात नव्हती. शेपटीला जुन्या चित्राचा तुकडा राहायचा आणि त्यातून कापलेला भाग बराचसा परत मिळायचा. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. दोन्ही दुरुस्त झाले, त्याआधी पाठवलेली चित्रं तशीच पडून आहेत.

आधारचं विचारलंत म्हणून: बारा आकडे झाकून क्यूआर कोड उघडा ठेवणारे फार. जुन्या छापाच्या कार्डांवरच्या क्यूआरमध्ये पूर्ण बारा अंकी क्रमांक साध्या मजकुरात असायचा. नव्यात शेवटचे चार आकडे असतात, पण नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आहेच. युआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) साइटवरून 'मास्क्ड' आधार उतरवून घ्या, पहिले आठ आकडे तेच झाकून देतात. पॅनचंही तसंच. मधली अक्षरं झाकली म्हणजे झाकलं असं नाही. व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर 'पी' असतं आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर. नाव शेजारीच छापलंय, मग उरलं काय?

कोयनेचा धक्का (पाटण)

आधारवरून आठवलं. जुलै २०१८ मध्ये ट्रायचे (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे) तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार क्रमांक ट्विटरवर टाकून 'काय नुकसान करता ते करून दाखवा' असं आव्हान दिलं. लोकांनी मोबाईल, पत्ता, पॅन, काय काय आणून समोर ठेवलं. युआयडीएआयचं म्हणणं पडलं की हे आधारच्या साठ्यातून आलेलं नाही, इंटरनेटवर इतस्ततः पडलेलं गोळा केलंय. दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असं वाटलं. चकटफू करमणूक.

घाटमाथा (सातारा)

करमणूक म्हणाल तर 'वॉर थंडर'ची तोड नाही. रणगाड्यांचा ऑनलाइन खेळ. २०२१ मध्ये एका खेळाडूनं खेळातला ब्रिटिश चॅलेंजर-२ चुकीचा दाखवलाय हे सिद्ध करायला खऱ्या रणगाड्याच्या गोपनीय पुस्तिकेतली पानं चर्चेत आणून टाकली. त्याच वर्षी फ्रेंच लक्लेर्क रणगाड्याचं झालं, २०२२ मध्ये चिनी तोफगोळ्याचं. हेर लागले नाहीत, कोणी पैसे दिले नाहीत. फक्त 'तू चुकतोयस' हे सिद्ध करायचं होतं.

वाईकर (वाई)

मराठी माणसाच्या हाती रणगाड्याची पुस्तिका देऊ नये, हे सैन्याला आता कळलं असेल.

लिंबगोळी (इस्लामपूर)

सगळे ओपन सोर्स ओपन सोर्स करताय म्हणून एक खडा टाकते. कोड उघडा आहे म्हणून तो कोणी वाचलेला असतो असं नाही. एक्सझेडचं प्रकरण घ्या. फायली दाबून लहान करणारी छोटी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये. सांभाळणारा मुख्यतः एक माणूस, तोही थकलेला. 'जिया टॅन' नावाची व्यक्ती दोनेक वर्षं नेटानं मदत करत राहिली, विश्वास मिळवला, प्रकाशनाचे अधिकार मिळवले, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एसएसएचमधून (दूरच्या संगणकात लॉगिन करायच्या सोयीतून) आत शिरायचा चोरदरवाजा बसवला. सगळं सर्वांसमक्ष.

तंबोरा (मिरज)

@लिंबगोळी, 'सर्वांसमक्ष' याला हरकत आहे. चोरदरवाजा चालू करणारी बांधणीची (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करायची) स्क्रिप्ट गिटमधल्या, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या, कोडमध्ये नव्हती, फक्त प्रकाशनाच्या टारबॉलमध्ये (उतरवायला दिलेल्या गठ्ठ्यात) होती. खरा माल चाचणीसाठीच्या 'बिघडलेल्या' दाबलेल्या फायलींमध्ये दडवला होता, ज्या कोणी वाचत नाही. म्हणजे उघड्या भागाला जिथं झाकण होतं तिथूनच घुसले.

आणि सापडला कसा तेही सांगा. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंते. डेबियन लिनक्सच्या 'अनस्टेबल' आवृत्तीवर एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर नको तेवढा राबतोय हे त्यांच्या लक्षात आलं. खणत गेले आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये त्यांना खणायला जागाच मिळाली नसती, कंपनीकडे तक्रार नोंदवून वाट बघावी लागली असती.

लिंबगोळी (इस्लामपूर)

अर्धा सेकंद खटकणारा माणूस योगायोगानं तिथं होता. योगायोगाला सुरक्षा म्हणू नये एवढंच. २०१६ चं लेफ्ट-पॅड आठवा, अकरा ओळींचं पॅकेज लेखकानं रागानं काढून घेतलं आणि जगभरच्या सॉफ्टवेअरच्या बांधण्या कोसळल्या. फुकट मिळणाऱ्या वस्तूची देखभाल कोण करतंय हे विचारायला हवं. विरोध नाही, पीडीएफसाठी मीही लिबरऑफिसच सुचवीन. फक्त ते अधिकृत साइटवरून घ्या आणि चेकसम (फाईल अस्सल आहे का ते पडताळायची संख्या) जुळवा. शोधात पहिल्या येणाऱ्या जाहिरातीवरून उतरवू नका.

भडंगवाला (सांगली)

मार्च २०२५ ला अमेरिकेच्या मोठ्या साहेबांनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नल या मेसेजिंग ॲपवर केली, आणि ग्रुपात 'द अटलांटिक'चे संपादकच. सिग्नल ओपन सोर्स, एन्क्रिप्शन एक नंबर. ग्रुपात कोणाला घेतलं हे मात्र एन्क्रिप्ट करता येत नाही की राव.

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, रणगाडे उतरवा. छापखान्याशी बोलणं झालं असं संस्थेकडून कळलं. यादी पुन्हा काढायला सॉफ्टवेअरवाला आठवडा मागतोय, कोरलची फाईल मिळायला उशीर. हातात फक्त पीडीएफ आहे. २४ पानं एकेक करून झाकत बसायचं का? रकाने सगळ्या पानांवर एकाच जागी आहेत, ६१ वर तेवढं वर शीर्षक आहे.

प्रीतिसंगम (कराड)

रकाने एकाच जागी असतील तर काम अर्ध्या तासाचं. विंडोजवर चारपाच साधनं बसवण्यापेक्षा लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई आवृत्ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून संगणक चालू करा, 'इन्स्टॉल' दाबू नका. ४ जीबीवर बरी चालते, हार्डडिस्कला हात लागत नाही आणि बंद केल्यावर मधल्या फायली मागे राहत नाहीत. मधल्या फायली डेस्कटॉपवरच ठेवा, तयार अहवाल तेवढा दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. सुरुवातीला एकदा नेट जोडून पॉपलर-युटिल्स, इमेजमॅजिक, इमजीटूपीडीएफ, क्यूपीडीएफ आणि जिंप ही पाच पॅकेजेस बसवा, मग केबल काढा. कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमन अक्षरं आणि रोमन आकडे.

पानांची चित्रं: पीडीएफटूपीपीएम, त्याला -आर २००, -मोनो, -एफ ६१, -एल ८४, मग फाईलचं नाव आणि पुढचं नाव 'पान'. २०० डीपीआयला (इंचाला २०० ठिपके) ए-४ पान १६५४ बाय २३३९ पिक्सेलचं होतं. १५० ला अनुस्वार आणि रफार तुटतात. अक्षर फार बारीक असेल तर ३०० घ्या, मात्र पुढचे सगळे मापाचे आकडे दीडपट करा.

मापं: एक पान जिंपमध्ये उघडा, खाते क्रमांकाच्या रकान्याचा डावा वरचा कोपरा आणि मोबाईलच्या रकान्याचा उजवा खालचा कोपरा, माऊस नेला की खाली आकडे दिसतात. दोन्ही बाजूंना दहाएक पिक्सेल जास्त धरा.

पट्टी: इमेजमॅजिकचं मॉग्रिफाय, -फिल ब्लॅक, -ड्रॉ, आणि अवतरणात रेक्टँगल व ते चार आकडे. मॉग्रिफाय मूळ चित्रावरच लिहितं, म्हणून आधी फोल्डरची प्रत. इथं पट्टी चित्राच्या पिक्सेलवर बसते, खालचे पिक्सेल गेलेच. ६१ वं पान आधी बाजूला काढा, शीर्षक कापलं जाऊ नये म्हणून त्याला वेगळी मापं लागतील. इमेजमॅजिकला थेट पीडीएफ दिलीत तर अनेक लिनक्सवर 'परवानगी नाही' अशी तक्रार येते, ती धोरणाच्या फाईलमुळे. आपण चित्रंच देतोय म्हणून ती भानगड नाही.

परत पीडीएफ: इमजीटूपीडीएफला --पेजसाइज ए४ द्यायला विसरू नका. या चित्रांमध्ये डीपीआयची नोंद नसते, मग तो ९६ धरतो आणि पान सव्वासतरा इंच रुंद निघतं. एकरंगी चित्रं तो फॅक्सच्या पद्धतीनं दाबतो, त्यामुळे २४ पानं दोन-तीन एमबीत बसावीत. करड्या छटांत केलीत तर कितीतरी पट.

जोडणी: क्यूपीडीएफ, --एम्प्टी, --पेजेस, मूळ अहवाल १-६०, मग नवी २४ पानं १-झेड (झेड म्हणजे शेवटचं पान), दोन आडव्या रेघा, नव्या फाईलचं नाव. --एम्प्टी दिल्यामुळे मूळ फाईलचं शीर्षक, कर्त्याचं नाव वगैरे माहिती सोबत येत नाही. पहिली ६० पानं शोधता येणारी राहतात, वजनही वाढत नाही.

तपासणी केल्याशिवाय फाईल कोणालाही पाठवू नका. पीडीएफटूटेक्स्टनं नव्या अहवालाचा मजकूर काढा: ६१ पासून पुढं काहीच निघता कामा नये. मग यादीतले चारपाच खाते क्रमांक आणि मोबाईल त्या मजकुरात शोधा. पहिल्या ६० पानांतही शोधा, थकबाकीच्या तक्त्यात तेच खाते क्रमांक पुन्हा असतात हे कोणाच्या लक्षात येत नाही.

तंबोरा (मिरज)

वरच्याला एक पुरवणी. रकानाभर सलग उभा पट्टा आहे म्हणून इथं प्रश्न नाही, पण कोणी एकेका नावावर पट्टी मारत असेल तर सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या ठेवा. नावाच्या मापाची पट्टी म्हणजे खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात पातळ रुमालाखाली बोटं दाबून सौदा करण्यासारखं. 'पाटील' आणि 'कुलकर्णी' यांची छपाईतली रुंदी वेगळी असते, मतदार यादी समोर असली तर अंदाज बांधता येतो. यावर अमेरिकेत २०२२ मध्ये रीतसर संशोधनही झालंय.

वाईकर (वाई)

चित्रं केलेल्या पानांवर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येणारा मजकूर करणं) करावं का? नाव शोधायला सभासदांना बरं पडेल.

अजिंक्य_सातारा (सातारा)

होतं. ओसीआरमायपीडीएफ, भाषा मराठी अधिक इंग्रजी, टेसरॅक्टचं मराठीचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं. पट्टी मारून झाल्यावरच करा. उलट क्रमानं केलं तर पानामागच्या अदृश्य मजकुरात आकडे जाऊन बसतात आणि वरून पट्टी. स्कॅनर सॉफ्टवेअर हे न विचारता करतं, म्हणून कागद मार्करनं खोडून स्कॅन करणाऱ्यांनीही कॉपी करून बघावं. मार्करवाल्यांना आणखी एक: मार्करची शाई आणि टोनर यांचा काळेपणा सारखा नसतो, कॉन्ट्रास्ट ताणला की खालचं दिसतं. खोडलेल्या कागदाची झेरॉक्स काढून ती स्कॅन करा किंवा सरळ पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवा.

लिंबगोळी (इस्लामपूर)

मी ओसीआर करणार नाही. सभासद यादी गुगलमध्ये नावानं सापडावी असं कुठल्या सभासदानं मागितलंय? ज्याला बघायचंय त्यानं कार्यालयात यावं. नाव आणि गावसुद्धा साइटवर कशाला, हाही प्रश्न मंडळाला विचारा.

घाटमाथा (सातारा)

लिंबगोळींशी सहमत. आणि जे बाहेर गेलंय त्याचं काय, ते कोणी बोललंच नाही. व्हॉट्सॲपवर 'सर्वांसाठी डिलीट' दोन दिवसांच्या आसपासच चालतं, तेही पाठवणाऱ्यानं किंवा ग्रुपच्या ॲडमिननं करायचं. ज्यांनी फाईल पुढं ढकलली आणि उतरवून घेतली त्यांच्याकडे ती राहणारच. नुसत्या खाते क्रमांकावर पैसे निघत नाहीत, पण 'तुमचं अमुक क्रमांकाचं खातं बंद होतंय' असा फोन आला की माणूस विश्वास ठेवतो. सभासदांना संस्थेनं स्वतःहून एसएमएस करावा: यादी बाहेर गेली आहे, ओटीपी कोणालाही सांगू नका, पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश डेटा गळती कळल्यापासून सहा तासांत कळवायला सांगतात. संस्थेच्या वकिलांना आजच विचारा, सभेनंतर नको.

तंबोरा (मिरज)

साइटवर नवी फाईल जुन्याच नावानं चढवू नका, नाव बदला. जुन्या पत्त्यावर सर्व्हरकडून ४१० उत्तर द्या, म्हणजे शोधयंत्रांना फाईल कायमची गेली असं कळतं. गुगलचा 'जुनी झालेली माहिती काढा' अर्ज वेगळा भरावा लागतो. वेबॅक मशीनमध्ये (साइटींच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात) प्रत आहे का ते पत्ता टाकून बघा, असेल तर साइटच्या मालकानं ईमेल करून विनंती करायची. साइट वर्डप्रेसवर चालत असेल तर मीडिया लायब्ररीतून फाईल डिलीट करा. नुसती पानावरची लिंक काढली तर फाईल अपलोडच्या फोल्डरमध्ये तशीच उघडी राहते. वर्डप्रेसनं पीडीएफच्या पहिल्या पानाची छोटी चित्रं केलेली असतात, ती इथं निरुपद्रवी आहेत.

कृष्णाकाठ (सांगली)

साइट वर्डप्रेसच आहे आणि फाईल लायब्ररीत अजून होती, आता काढायला सांगितलं. थकबाकीच्या तक्त्यातही खाते क्रमांक आहेत, पानं ३८ आणि ३९. तीही पानं चित्रांच्या रस्त्यानं घालायची म्हणजे जोडणीत पाच तुकडे होतील ना?

प्रीतिसंगम (कराड)

हो. मूळ १-३७, झाकलेली दोन, मूळ ४०-६०, मग झाकलेलं ६१ आणि शेवटी ६२-८४ ची चित्रं. एकाच क्यूपीडीएफ कमांडमध्ये क्रमानं नावं देत जा. त्या तक्त्याचा रकाना दुसऱ्या जागी असणार, मापं वेगळी घ्या. आणि छापखान्याच्या संगणकावर, मेलच्या 'पाठवलेले'मध्ये, डीटीपीवाल्याच्या पेनड्राइव्हवर मूळ एक्सेल पडलेली असेल. ती पुसल्याचं त्यांच्याकडून लेखी घ्या.